शिकारीचं मोठ्या कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर: आधी जनावर, मग हात, मग गोळी, बंदूक सगळ्यात शेवटी

माझ्या ओळखीच्या तिघांनी गेल्या काही हंगामांत टेक्ससमध्ये पहिलं शिकारी रिव्हॉल्व्हर घेतलं आणि वर्षाच्या आत विकलं. दोघांनी .५०० स्मिथ अँड वेसन घेतलं होतं, तिसऱ्याने .४५४ कसूल (हा आकडा म्हणजे कॅलिबर, गोळीचा साधारण व्यास इंचांत). तिघांचीही बंदूक उत्तम होती, पण तिघांनी निवड उलट्या टोकाने केली: आधी दुकानातली बंदूक आवडली, मग तिच्यासाठी काडतुसं शोधली आणि शेवटी लक्षात आलं की आपल्याला मारायचंय साठ किलोचं हरीण, तेही चाळीस यार्डांवरून. मीही असाच शिकलो. माझ्या पहिल्या .४५४ मधून पुरते पन्नास बारही काढले नव्हते, तोवर डोळे मिटून चाप ओढायची सवय लागली. ती सवय मोडायला आठ महिने गेले.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथे परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद आहे, त्यामुळे यातलं काहीही तिकडे लागू नाही. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. क्रम चुकला की पैसे जातात, आणि बऱ्याचदा जनावर जखमी होऊन निघून जातं.

## टप्पा १: आधी कागद

आपल्या मंडळींचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असल्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना. परवाना चालू आहे तोवर तुम्ही कायद्यात बसता. तो संपला की कपाटातली बंदूक आणि खणातलं एक सुटं काडतूसही गुन्हा ठरू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

टेक्ससमध्ये यात एक खास खड्डा आहे. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून राज्याचा शिकार परवाना लागत नाही. म्हणून लोक तो काढतच नाहीत. पण तुम्ही व्हिसावर असाल तर डुकरासाठी नको असलेला तोच कागद तुम्हाला बंदूक हातात धरण्यासाठी हवा असतो. शिवाय टेक्ससचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. नवा परवाना त्याआधी काढून ठेवा, सप्टेंबरात काढू म्हणू नका.

बाकीचं थोडक्यात. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, आणि ती स्वतःच्या राहत्या राज्यातच घेता येते. खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्व आणि व्हिसाबद्दल थेट प्रश्न असतात, आणि खोटं उत्तर हा संघीय गुन्हा आहे. बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला फोन करा. काउंटरवरच्या माणसाचं ऐकून फॉर्म भरू नका.

त्यानंतर राज्याचे शिकारीचे नियम. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम करावा लागतो. ओहायोत हरणासाठी हँडगनचं बॅरल किमान ५ इंच लागतं आणि काडतूस .३५७ किंवा मोठं, सरळ भिंतीचं (पुंगळी तोंडाशी निमुळती नसलेलं) असावं लागतं. काही राज्यांत ठरावीक अंतरावर गोळीची किमान ऊर्जा किती हवी हेही लिहिलेलं असतं.

तपासा: तुमच्या राज्याची या वर्षाची नियमपुस्तिका उघडा आणि तीन गोष्टी वहीत उतरवा: किमान कॅलिबर, बॅरलची किमान लांबी, गोळीच्या प्रकाराची अट. मागच्या वर्षीची पुस्तिका चालणार नाही.

## टप्पा २: जनावर आणि अंतर लिहून काढा

"सगळ्यासाठी चालेल असं द्या" हे दुकानात बोलायचं वाक्य नाही. वहीत एक ओळ लिहा: कोणतं जनावर, किती अंतर, कुठून. उदाहरणार्थ, "व्हाइटटेल हरीण, ५० यार्डांच्या आत, मचाणावरून". किंवा "रानडुक्कर, २५ ते ४० यार्ड, जमिनीवर बसून".

रिव्हॉल्व्हरची गोळी रायफलच्या गोळीसारखी मारत नाही, हे इथेच मनात पक्कं करा. तिचा वेग निम्म्याच्या आसपास असतो. ती भोक पाडते आणि ते भोक फुफ्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेलं तर जनावर रक्तस्रावाने पडतं. बहुतेक वेळा जागच्या जागी नाही, थोडं धावून. म्हणून प्रश्न "किती ताकद" असा नसतो. ही गोळी त्या जनावराच्या छातीतून आरपार जाईल का, आणि मी ती तिथे बसवू शकेन का, एवढंच पाहायचं असतं.

हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण ८ इंचांचा धरतात. रानडुकराचा तोच भाग हरणापेक्षा खाली आणि पुढे असतो, आणि मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. एल्क (खूप मोठं हरीण) आणि अस्वल यांची हाडं आणि स्नायू वेगळ्याच वर्गातले. पहिल्या हंगामात हरीण किंवा मध्यम डुक्कर यांच्यापलीकडे जाऊ नका असं माझं मत आहे.

## टप्पा ३: हाताची परीक्षा, पैसे देण्याआधी

भाड्याने बंदूक देणारी नेमबाजीची रेंज शोधा. कमीत कमी तीन पायऱ्यांनी चढा: आधी .३५७ मॅग्नम, मग .४४ मॅग्नमच्या बंदुकीत .४४ स्पेशल, मग त्याच बंदुकीत पूर्ण ताकदीचं .४४ मॅग्नम. .४४ स्पेशल हे धाकटं भावंड .४४ मॅग्नममध्ये चालतं आणि धक्का खूपच कमी देतं.

थांबा: पहिल्यांदा मोठं रिव्हॉल्व्हर धरताना डाव्या हाताचा अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या (काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) पुढे जाऊ देऊ नका. सिलिंडर आणि बॅरल यांच्यामधल्या फटीतून बाजूला जळता वायू फेकला जातो. .४६० आणि .५०० मध्ये तो बोट कायमचं निकामी करू शकतो. पिस्तूल धरायची सवय असलेले लोक इथेच फसतात, कारण पिस्तुलावर अंगठा पुढे ठेवायलाच शिकवतात.

थांबा: नव्या मोठ्या कॅलिबरचे पहिले बार एकेकच काडतूस भरून काढा. धक्क्याने बंदूक वर उसळते, पकड सावरताना बोट पुन्हा चापावर दाबलं जातं आणि डबल ॲक्शन बंदुकीतून, म्हणजे जिच्यात नुसता चाप ओढला तरी घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) मागे जाऊन पडतो तिच्यातून, दुसरा बार नकळत निघू शकतो, तेव्हा नळी आढ्याकडे किंवा तुमच्याकडेच असते.

कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही घाला. मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. छपराखाली तर तो छातीत बसतो.

आता परीक्षा. मित्राला सांगा की सिलिंडरमध्ये खरी आणि नकली काडतुसं मिसळून भर, मला न दाखवता. नकली काडतुसावर घोडा पडला आणि नळी खाली डुचकळली, तर तुम्ही धक्क्याला घाबरून आधीच हात झुकवताय. ज्या कॅलिबरवर नळी डुचकळायला लागते, त्याच्या खालचं कॅलिबर सध्या तुमचं. यात लाजायचं काही नाही, दंडाच्या ताकदीशी याचा फारसा संबंधही नाही. माझ्या बायकोची नळी .४४ वर हलली नाही, माझी हलली. घरात तो विषय अजून निघतो.

## टप्पा ४: गोळी निवडा, कॅलिबरचं नाव नंतर

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५.४ ग्रेन म्हणजे १ ग्रॅम.

हरणासाठी पसरणारी गोळी हवी, म्हणजे जॅकेटेड होलो पॉइंट किंवा सॉफ्ट पॉइंट. .४४ मध्ये २४० ग्रेन, साधारण साडेपंधरा ग्रॅम. हलक्या गोळ्यांचा वेग खोक्यावर छान दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच स्वसंरक्षणासाठी केलेल्या असतात आणि खांद्याच्या हाडावरच फुटून थांबतात. मोठा डुक्कर, एल्क, अस्वल यांच्यासाठी ३०० ग्रेनच्या आसपासची, सपाट रुंद तोंडाची, कडक ओतीव शिशाची गोळी. ती जवळजवळ पसरत नाही, सरळ रेषेत खोल जाते. नियमात पसरणारी गोळीच हवी असं लिहिलं असेल तर ही बाद, आणि शिसं चालत नसेल अशा ठिकाणी तांब्याची गोळी.

आरपार जाणाऱ्या गोळीच्या मागे काय आहे हे बघूनच बार काढायचा. कळपातलं मागचं जनावर हाही "मागे काय आहे" यातलाच भाग.

## टप्पा ५: आता काडतूस

पहिल्या तीन टप्प्यांच्या वहीतल्या ओळी समोर ठेवा. राज्याची अट, जनावर-अंतर आणि तुमची नळी कुठे डुचकळली ते.

.३५७ मॅग्नम. मोठ्या कॅलिबरमध्ये मोडत नाही. अनेक राज्यांत हरणासाठी कायदेशीर आहे, पण कमी अंतरावर आणि चांगल्या गोळीनेच. सरावाची बंदूक म्हणून उत्तम.

.४१ मॅग्नम. काम .४४ च्या जवळपास, धक्का थोडा कमी. अडचण एकच, गावच्या दुकानात काडतुसं मिळत नाहीत.

.४४ मॅग्नम. दहापैकी आठ जणांनी वाचन इथेच थांबवावं. २४० ग्रेन गोळी लांब बॅरलमधून सेकंदाला १३५० फुटांच्या आसपास निघते, ऊर्जा ९०० ते १००० फूट-पाउंड. हरीण, डुक्कर, जवळून काळं अस्वल, सगळं यात होतं. काडतुसं सगळीकडे मिळतात आणि सरावाला .४४ स्पेशल आहेच. नाव .४४ असलं तरी गोळीचा व्यास .४२९ ते .४३० इंच असतो. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी हे विसरू नये.

.४५ कोल्ट. इथे नीट वाचा. याचा मान्य दाब फक्त १४,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) आहे, .४४ मॅग्नमचा ३६,०००. काही कंपन्या याच नावाखाली जास्त दाबाची काडतुसं विकतात, ती फक्त मजबूत बंदुकांसाठी असतात आणि खोक्यावर तसं छापलेलं असतं. जुन्या किंवा जुन्या धर्तीच्या कोल्टमध्ये ती घातली तर सिलिंडर फुटू शकतो. मजबूत बंदुकीत मात्र हे .४४ च्या तोडीचं शिकारी काडतूस आहे.

.४५४ कसूल. दाब ६५,००० पीएसआय. ३०० ग्रेन गोळी १६०० फुटांच्या वर. सारख्या वजनाच्या बंदुकीत धक्का .४४ च्या साधारण दुप्पट, आणि तो झटकन येतो, चापट मारल्यासारखा. जमेची बाजू म्हणजे या बंदुकीत .४५ कोल्टही चालतं. उलट चालत नाही, कारण .४५४ ची पुंगळी लांब आहे.

.४८० रुगर. माझं लाडकं, आणि माझं मत इथे तटस्थ नाही. ३२५ ग्रेन गोळी, १३५० फूट वेग, दाब .४५४ पेक्षा बराच कमी. धक्का मोठा पण ढकलल्यासारखा येतो. काडतुसं मिळवणं मात्र डोकेदुखी. घरी भरत नसाल तर घेऊ नका. .४७५ लाइनबॉच्या बंदुकीत .४८० चालतं, .४८० च्या बंदुकीत .४७५ चालत नाही.

.४६० आणि .५०० स्मिथ अँड वेसन. .४६० वेगवान आहे, लांबच्या अंतरासाठी, आणि त्यात .४५४ व .४५ कोल्ट दोन्ही चालतात. .५०० मध्ये ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅमची गोळी १६०० फुटांच्या वर जाऊ शकते. मोठ्या अस्वलासाठी किंवा बायसनसाठी ठीक. हरणासाठी हे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं. लांब बॅरलची .५०० दोन किलोच्या आसपास भरते आणि दुपारपर्यंत खांदा तिचं वजन सांगत राहतो.

तपासा: बॅरलवर कोरलेलं काडतुसाचं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षरशः एक आहे का? .५०० लाइनबॉ आणि .५०० स्मिथ अँड वेसन ही दोन वेगळी काडतुसं आहेत. "बसतंय की" ही तपासणी नव्हे.

## टप्पा ६: बंदूक

बॅरल साडेसहा ते साडेसात इंच. त्याहून आखूड घेतलं तर वेग घटतो, आवाज आणि उसळी वाढते, आणि पुढची-मागची माशी (नळीवरची नेम धरायची खूण) जवळ आल्याने नेमातली छोटी चूक मोठी होते. वजन १.३ किलोच्या खाली नको. हलकी बंदूक कमरेला सुखाची, हाताला नाही.

सिंगल ॲक्शन की डबल? शिकारीत बहुतेक बार घोडा मागे ओढूनच काढले जातात, त्यामुळे दर बाराला घोडा हाताने ओढावा लागणारी सिंगल ॲक्शन पुरते आणि स्वस्तही पडते. फक्त मूठ हातात धरून पाहा. काही सिंगल ॲक्शनचा चापाभोवतीचा कडा मागून चौकोनी असतो आणि प्रत्येक बाराला मधल्या बोटाच्या पेरावर आपटतो. मोठ्या कॅलिबरला बिस्ले धर्तीची (जास्त लांब, उभट) मूठ बहुतेकांना मानवते.

थांबा: जुनी रुगर सिंगल ॲक्शन घेत असाल तर ती १९७३ च्या आधीची आहे का ते पाहा. आधीच्या मॉडेलमध्ये ट्रान्स्फर बार, म्हणजे चाप ओढल्याशिवाय बार होऊ न देणारा भाग, नसतो. घोड्याखाली काडतूस असताना बंदूक पडली तर बार होऊ शकतो. अशी बंदूक घोड्याखालचं घर रिकामं ठेवूनच बाळगायची. कंपनी त्यात सुरक्षित भाग फुकट बसवून देते.

वापरलेली बंदूक घेताना, रिकामी असल्याची खात्री करून, घोडा पूर्ण मागे ओढा आणि सिलिंडर हलवून पाहा. किंचित हालचाल चालते, खडखड नाही. मग सिलिंडर पुढे-मागे ढकलून पाहा.

## टप्पा ७: नेमाची साधनं

उघड्या माशीवर बहुतेकांची मर्यादा ५० यार्ड. चाळिशीनंतर पुढची माशी धूसर दिसू लागते, तेव्हा हट्ट सोडून रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन) लावा. दुर्बीण लावायची असेल तर हँडगनचीच घ्या, हात लांब करून दिसते ती. रायफलची दुर्बीण डोळ्याजवळ आणावी लागते आणि ती पहिल्याच बाराला भुवई फोडते. माउंटचे (दुर्बिणीच्या बैठकीचे) स्क्रू दर वीस बारांनी तपासा.

.४४ ची २४० ग्रेन गोळी ५० यार्डांवर जुळवली तर १०० यार्डांवर साधारण ४ ते ६ इंच खाली जाते. खोक्यावरचा तक्ता वाचून सोडून देऊ नका, स्वतः कागदावर बार काढून खात्री करा.

## टप्पा ८: काडतुसांची परीक्षा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. मोठ्या धक्क्याने सिलिंडरमधल्या न उडालेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून हळूहळू पुढे सरकतात. एखादी पुढे डोकावली की सिलिंडर फिरणं बंद. डुक्कर जखमी, बंदूक जाम.

१. निवडलेल्या खोक्यातलं एक काडतूस घेऊन व्हर्नियरने लांबी मोजा आणि त्याच्या बुडावर खूण करा.
२. सिलिंडर पूर्ण भरा, खूण केलेलं काडतूस शेवटी येईल असं.
३. शेवटचं सोडून सगळे बार काढा.
४. ते काडतूस बाहेर काढून पुन्हा मोजा.

लांबी दिसण्याइतकी वाढली असेल तर ते खोकं त्या बंदुकीसाठी बाद. घरी भरत असाल तर क्रिम्प (गोळीवर आवळलेलं पुंगळीचं तोंड) घट्ट करा.

आणखी एक. .४४ स्पेशलचा भरपूर सराव केला की सिलिंडरच्या घरात पुढे काजळीचं कडं साचतं. मग मॅग्नम काडतूस अडकत बसतं. शिकारीच्या आदल्या दिवशी ब्रश मारा.

## टप्पा ९: स्वतःची मर्यादा मोजा

बाकावर टेकून काढलेले बार विसरा. सहा इंचांची कागदी ताटली २५ यार्डांवर लावा. मचाणावर जसे बसणार तसे बसा, गुडघ्यावर किंवा काठीच्या तिकाटीवर हात टेकवा. पाच बार. पाचही ताटलीत गेले तर १० यार्ड मागे जा. जिथे पहिला बार ताटलीबाहेर गेला, त्याच्या आधीचं अंतर ही तुमची मर्यादा. माझी त्या पहिल्या वर्षी ३५ यार्ड निघाली. .४४ चा तक्ता १०० यार्ड म्हणत होता.

एका वेळी पूर्ण ताकदीचे वीस-पंचवीस बार पुरेत. उरलेला सराव .२२ वर करा. थकलेल्या हाताने केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

तपासा: हंगामाच्या आदल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी, थंड बंदुकीचा फक्त पहिला बार मोजा. जनावर तुम्हाला सरावाचे बार देत नाही.

## टप्पा १०: शिकारीच्या दिवशी आणि नंतर

मर्यादेच्या खुणा आधीच लावा. मचाणावरून पावलं मोजून त्या अंतरावरच्या झाडाला फीत बांधा. फितीपलीकडच्या जनावराला बार नाही. जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबा. बार काढला की लगेच पुन्हा घोडा ओढा आणि नजर जनावरावरच ठेवा. पडलं नाही तर ते शेवटचं कुठे दिसलं ती जागा एखाद्या झुडपाशी जुळवून ठेवा, अर्धा तास बसा, मग रक्ताचा माग काढा. रिव्हॉल्व्हरच्या जखमेचा माग बारीक असू शकतो. घाईने मागे लागलात तर जनावर उठून आणखी मैलभर जातं.

मचाणावर चढताना-उतरताना सिलिंडर रिकामा. बंदूक दोरीने वेगळी वर घ्यायची.

घरी आल्यावर बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात. मग पिशवी, जॅकेट आणि पँटचे सगळे खिसे उलटे करून झटका. दिवाळीला पुण्याला जाताना तीच पाठपिशवी घेऊन निघालात आणि तळाशी एक .४४ राहिलं, तर ते मुंबईच्या विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसतं, आणि तिथे शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. "शिकारीचं आहे, राहून गेलं" हे तिथे कितीही खरं असलं तरी पुढच्या तारखा चुकत नाहीत. रेंजची पिशवी वेगळी ठेवा, प्रवासाची वेगळी, आणि दोन्हींचा रंगही वेगळा.